अर्बाबांची नऊ वर्षांची भाषा
मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये प्रदर्शनांचे स्टॉल बनायचे आणि त्यांची ड्रॉइंग मी काढायचे. अत्तरवाले, टाइल्सवाले, गाड्यांचे डीलर, सगळ्यांना एकच हवं असायचं: शेजाऱ्यापेक्षा उंच भिंत. म्हणून २०१५च्या सुमारास मस्कतमध्ये देशोदेशींच्या कलेचं प्रदर्शन भरलं आणि त्यातले काही स्टॉल आमच्याकडे आले, तेव्हा मला बरंच वाटलं.

सगळ्यात लहान स्टॉल हिंदी महासागरातल्या एका देशाचा होता. आफ्रिकेच्या बाजूला ठिपक्यांएवढी बेटं. नकाशा मोठा करून करून मी ती शोधली. त्यांचं पत्र फ्रेंचमध्ये होतं. कॉम्प्युटरने केलेल्या भाषांतरात एवढंच कळलं की भिंत साधी हवी. मी साधी भिंत काढली. पांढरी, भक्कम.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी त्या देशाची कलावंत बाई आली. पन्नाशीची, उंच, दोन मोठ्या बॅगा घेऊन. सोबतचा इंग्रजी बोलणारा अधिकारी कसल्याशा परवानगीसाठी निघून गेला तो गेलाच. बाईंनी बॅगा उघडल्या. आत पुरुषभर उंचीची पांढरी कापडं होती. ओमानी पुरुष डोक्यावर भरतकामाची टोपी घालतात, कुम्मा, तसलंच काम: कापडाला बारीक भोक पाडायचं आणि कडेने दोरा भरायचा. अशा हजारो भोकांतून बाईंनी होड्या काढल्या होत्या, बायका काढल्या होत्या, एक डोंगर काढला होता. मात्र पांढऱ्या भिंतीवर पांढरं कापड लावल्यावर काहीच दिसेना.

बाईंनी भिंतीवर तळवा आपटला आणि काहीतरी म्हणाल्या. आमचे मुख्य सुतार रत्नागिरीचे, वीस वर्षं ओमानात काढलेले. ते म्हणाले, "म्याडम, भिंत हलते म्हणतायत वाटतं."

त्यांनी आणखी चार स्क्रू मारले. बाईंनी पुन्हा तळवा आपटला, तेच शब्द. मग आम्ही कापड खाली घेतलं, वर घेतलं, डावीकडे सरकवलं. शेवटी बाईंनी सुतारांच्या हातातलं ड्रिल हळूच काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

गिऱ्हाईक नाराज झालं की अर्बाबांना कळवायचं, असा नियम होता. अर्बाब म्हणजे आमचे ओमानी मालक, साठीचे, आडव्या अंगाचे. आठ वर्षांत त्यांच्या तोंडून मी मोडक्या हिंदीखेरीज तीनच शब्द ऐकले होते: यल्ला म्हणजे चला, खलास आणि इन्शाल्ला. ते आले. बाईंनी त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं.

अर्बाब जागीच थांबले. मग ते त्या भाषेत काहीतरी बोलले, अगदी हळू, चाचपडत. बाईंचे डोळे मोठे झाले.

"भिंत काढा म्हणते," अर्बाब आमच्याकडे वळून म्हणाले. "मागून उजेड हवा."

"अर्बाब, तुम्हाला फ्रेंच येतं?" मी विचारलं.

"फ्रेंच कुठलं. ही माझ्या लहानपणची भाषा."

त्यांचा जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा, हे मला त्या दिवशी कळलं; तिथे पूर्वी पुष्कळ ओमानी राहायचे. नऊ वर्षांचे असताना घरचे सगळे ओमानला परतले आणि तिथली स्वाहिली भाषा तिकडेच राहिली. बाईंची भाषा तिच्या नात्यातली. मालवणी आणि मराठीत असेल तेवढं अंतर.

आम्ही भिंत उतरवली, नुसती चौकट ठेवली, मागे दिवे लावले. भोकाभोकांतून उजेड आला आणि होड्या दिसल्या. सुतार दोन पावलं मागे सरकून बघू लागले. "आता कळलं," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून अर्बाब दुभाषी झाले. कुणी सांगितलं नव्हतं. ओमानी लोक थबकून म्हणायचे, "अरे, हे तर आपल्या कुम्म्याचं काम." बाई दोन वाक्यं बोलायच्या आणि अर्बाब दहा मिनिटं. त्यात त्यांची आई यायची, समुद्र यायचा, कुठलंतरी आंब्याचं झाड यायचं.

"हे सगळं बाई बोलल्या?" मी विचारलं.

"सुरुवात तिने केली," अर्बाब म्हणाले.

तो इंग्रजी बोलणारा अधिकारी एव्हाना परतला होता. बाई तोंडावर ओढणी धरून हसत होत्या म्हणून मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "तुमचे साहेब लहान मुलासारखं बोलतात. आत्ता पाहुण्या मंत्र्यांची बाईंना ओळख करून देताना ते त्यांना 'मोठे काका' म्हणाले."

अर्बाबांनी ते ऐकलं. खरंच होतं ते. भूक, मार, पोहणं, आईची हाक, एवढ्याचे शब्द त्यांच्याकडे होते. प्रदर्शन, सरकार, कला यांचे नव्हते. नऊ वर्षांच्या पोराला ते कशाला लागणार? अर्बाब निघून गेले. मला वाटलं, आता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी होती, मी मुलीला घेऊन वादी अदाईच्या आमच्या घरून प्रदर्शनाला गेले. अर्बाब स्टूलवर बसले होते, मांडीवर वही. बाई एकेक शब्द सांगत होत्या, ते अरबी अक्षरांत लिहून घेत होते. एका शब्दाला त्यांनी मान हलवली. आमच्याकडे असं म्हणत नाहीत, असं ते म्हणत असावेत, कारण पुढे दोघांची चांगलीच जुंपली.

माझ्या मुलीचं मराठी असंच होतं: भूक लागली, आंघोळ झाली, आजी कशी आहे. बाकी सगळं इंग्रजीत. गाडीत बसल्यावर मी तिला अर्बाबांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "आई, ते अंकल बोलताना शाय होत होते?"

"काल झाले होते. आज नाही."

"मग मी चुकले तर तू हसायचं नाही."

"आणि हसू आलं तर?"

तिने विचार केला. "थोडंसं चालेल," म्हणाली.

सगळ्यात चांगल्या स्टॉलचं बक्षीस एका मोठ्या देशाच्या मोठ्या स्टॉलला मिळालं. बाईंना अर्बाबांनी स्वतः विमानतळावर सोडलं. पुढच्या वर्षी ते बायकोला घेऊन पंधरा दिवस झांझिबारला गेले आणि सगळ्यांसाठी लवंगा घेऊन आले.

"तिकडे बोललात काय, अर्बाब?" सुतारांनी विचारलं.

"खूप," ते म्हणाले. "एक दुकानदार पोरगा म्हणाला, तुम्ही अगदी माझ्या आजोबांसारखं बोलता. तसले शब्द हल्ली कुणी वापरत नाही म्हणे."

एवढं सांगून ते खुशीत आपल्या केबिनमध्ये गेले.