हॅम्बुर्गच्या कालव्यात नारळ
हॅम्बुर्गच्या त्या हॉटेलात पाऊल टाकलं आणि आम्ही तिघी आपोआप कुजबुजत बोलायला लागलो. तिघी म्हणजे सासूबाई, मी आणि माझी पाच वर्षांची लेक. एका व्यापाऱ्याची जुनी वखार होती ती. विटांच्या भिंती तशाच ठेवून आत काच, पितळ आणि मंद दिवे. लिफ्टमध्येसुद्धा ताजी फुलं! आम्ही राहतो त्या उंटरश्लाइसहाइम गावातला आमचा अख्खा फ्लॅट त्या खोलीत मावला असता. बरोबर आलेल्या नवऱ्याला कंपनीने बक्षीस म्हणून इथली एक रात्र दिली होती, नाहीतर आम्ही कसले येतोय!

सासूबाई मात्र खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तशा. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी त्यांनी एकही सण केला नव्हता. जर्मनीत आल्यापासून एकच धोशा, "मला परत जायचंय." मला आठवा महिना लागला होता. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. बाळंतपणाला सासूबाईंनी राहावं म्हणून जीव तुटत होता, पण मी पडले ताठ मानेची. मागेन तर शपथ.

पडदा सरकवला तर खिडकीखालीच कालवा, भिंतींना भिडून काठोकाठ भरलेला. मी बघतच राहिले. सासूबाई उठून शेजारी आल्या.

"भरती आहे," त्या म्हणाल्या.

"आई, समुद्र इथून शंभर किलोमीटर लांब आहे," नवरा म्हणाला.

"मग एवढ्या लांब आलाय बघ तो. आज नारळी पौर्णिमा ना!" दापोलीकडच्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नारळ मिळेल का गं इथे?"

वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं होतं. मी पोट सांभाळत रिसेप्शन गाठलं. तिथल्या बाईने नारळ मागणारी पाहुणी रोजच येत असल्यासारखी मान डोलावली. थोड्या वेळाने वेटर चांदीचा ट्रे घेऊन हजर. नारळाच्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या कापलेल्या, वर पुदिना, शेजारी इवलासा काटा.

"सुरेख आहे हो," सासूबाई त्याला चक्क मराठीत म्हणाल्या. मग हळूच मला, "पण समुद्राला कापलेला कसा द्यायचा?"

मी पुन्हा खाली गेले. या खेपेला अख्खा नारळ आला, पांढऱ्या नॅपकिनमध्ये गुंडाळून, ओटीत घालायला आणावा तसा. त्या लोकांपुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

"आई, पाण्यात काही टाकायला बंदी असते इथे," नवरा म्हणाला.

"गेनाऊ! बरोबर!" लेकीने जर्मनमध्ये री ओढली.

"बंदी कचऱ्याला. हा कचरा आहे का?"

हॉटेलमागच्या पायऱ्या उतरून आम्ही पाण्यापाशी गेलो. सासूबाईंनी नारळाला कुंकू माझ्याकडून लावून घेतलं आणि हलकेच तो पाण्यात सोडला. समोरच्या विटांवर पिवळं ऊन पडलं होतं. समुद्र इतक्या आत, आमच्या पायांशी आलाय, या विचाराने अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी खिडकीतून पाहिलं तर ओहोटीने पाणी गायब! खाली नुसता काळा चिखल, आणि त्यात एका खांबाला टेकून बसलेला आमचा नारळ. समुद्राने घेतला नाही, अपशकुन झाला, असं म्हणून आता सासूबाई आजच तिकीट काढायला लावतील. मी पडदा ओढायला गेले, पण त्या मागेच उभ्या होत्या.

वाकून बघितलं आणि त्या खळखळून हसल्या.

"रात्रभर गाव फिरून परत आलाय लबाड! त्याला इथलं आवडलेलं दिसतंय." मग मुलाला म्हणाल्या, "माझं तिकीट पुढे ढकल रे. हिचं सुखरूप होऊ दे, मग बघू."

मला रडूच फुटलं. पदराने माझे डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि काय गं, तोंड उघडून 'राहा' म्हणाली असतीस तर? मी महिनाभर वाट बघत होते."