पाटलाला तलवार, मला चोरी

नातवंडं दिवसभर टीव्हीपुढून हलत न्हाईत, अन् लाईट गेली की माझ्या मागं लागतात, "आबा, चोराची गोष्ट सांगा!" मी काय रेडिओ हाय? पण सांगतो. मन्मथ आप्पाच्या कापसाच्या आडतीवरचे किस्से म्हणजे जिनिंगमागची सरकी. ढीग कोणी लावत न्हाई, आपोआप लागतो.

*

मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून दंगली पेटलेल्या, एसटी बंद पडलेली. बोटीवर नोकरीला असलेला आप्पाचा जावई सुट्टीत मानवतला आला अन् सासुरवाडीतच अडकला. पेटीतून त्यानं एक फॉरेनचा खेळ काढला. फासे, नकाशा अन् विटेएवढं पुस्तक! एकेकानं एक सोंग घ्यायचं, टोळी करायची अन् जावई सांगंल त्या भुयारात शिरायचं. कुठं? आडतीवर, बसल्या जागी! असले उद्योग शिकल्या माणसालाच सुचतात.

जावई म्हणाला, "टोळी लहान हाय मामा. एक लढवय्या, एक जादूगार, एक वैद्य अन् एक कुलूप खोलणारा चोर. एक जरी कमी पडला तर सगळे खलास!"

आमी चौघं होतो: आप्पा, रखमाजी पाटील, शाळेतले गुरुजी अन् मी. चौघांनीबी तलवार मागितली!

*

तलवार अर्थात रखमाजी पाटलानं घेतली. आप्पा जादूगार झाले, गुरुजी वैद्य. चोर व्हायला कोणी तयार न्हाई. शेवटी मी म्हणलं, "टोळी अडायलीय ना? होतो मी चोर!"

गुरुजी कानाशी लागले, "सखाराम, तुमच्या पोरीचं, इंदूचं लगीन सोनपेठला जमत आलंय, अन् तुमी चोर व्हायलाव?"

"खेळ हाय गुरुजी!"

शहाणा होतो मी लय.

जावई म्हणाला, "आता टोळीला नाव द्या." गुरुजींनी हातच जोडले, "जावईबापू, नाव सोडून काहीबी मागा!"

*

पहिल्याच भुयाराशी पाटील थांबला. "आधी माझा सालगडी आत जाईल."

"खेळात सालगडी न्हाई, मामा."

"मग कसला लढवय्या? तलवार काय मीच उचलायची?"

*

एकदा राक्षस अंगावर आला. आमी ओरडलो, "आप्पा, मंत्र टाका!"

आप्पा म्हणाले, "आज सोमवार हाय. माझा जादूगार उपाशी हाय."

तोवर पाटील रक्तबंबाळ. वैद्य गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "पट्टी बांधतो. पण जखम का झाली, ते आधी स्वतःच्या शब्दांत सांगा!"

*

एसटी चालू झाली, जावई काही हलंना. सासूच्या हातचं सोडून बोटीवर कोण जातंय?

त्याच एसटीनं सोनपेठचे पाहुणे आले. घरी पुरण शिजत होतं. पण आपल्याकडं रीत अशी की पोरीच्या घरी जायच्या आधी आडतीवर चौकशी करायची. मी घरी पाहुण्यांची वाट बघायलोय, अन् आडतीवर पाटील हातात फासे घेऊन बसलेला.

"इंदूचे वडील कसे हायेत?"

पाटलानं मान वर न करता सांगितलं, "सखाराम? आमचा चोर! कसलंबी कुलूप खोलतो. आमची सगळी टोळी त्याच्याच जिवावर चालती!"

तारीफच केली म्हणा! पाहुणे चहा न पिता परत गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी समजूत घालायला सोनपेठला गेले. खरा चोर न्हाई, खेळातला हाय, म्हणून सांगितलं. पाहुणे म्हणाले, "पन्नाशीची माणसं बसून खेळायलीत? मग तर न्हाईच!"

पाटलाला म्हणलं, "सोयरीक मोडलीस. माफी माग." तर म्हणतो, "मी खोटं काय बोललो? अन् बस लवकर, तुझ्यावाचून खेळ अडलाय!"

*

बसलो.

पाटील तलवार घेऊन ऐटीत एका खोलीत शिरला. मागून दार बंद, बाहेरून कुलूप, आत तीन तोंडाचा राक्षस.

"सख्या, कुलूप खोल!"

मी पान लावत होतो.

"आरं खोल की! मरायलोय मी!"

जावई माझ्याकडं बघायला लागला. "मामा, चोर काय करतोय?"

"चोर सोनपेठला गेलाय. इज्जतीची चौकशी करायला."

पाटील मेला. फासे रस्त्यावर फेकून तरातरा घरी गेला.

इंदूचं पुढं राणीसावरगावला झालं, सुखात हाय पोरगी. लग्नात पाटील जेवला, दोनदा वाढून घेतलं, अन् हात धुताना चारचौघांत मला म्हणाला, "खुनी हायस तू. माफी माग!"

मी? माफी बाकी हाय, पण माझी न्हाई. ज्यानं मागायची त्याचं नाव लिहून ठेवा: रखमाजी पाटील.