पौर्णिमेची सुई

१९८६च्या वैशाख पौर्णिमेला, सूर्यास्तानंतर थोड्याच वेळाने, मोहगावच्या विहारात आई बेशुद्ध पडली. इन्सुलिनची संध्याकाळची सुई तिने वेळेवर घेतली होती. दुपारनंतर काही खाल्ले नव्हते.

तिला मधुमेह होऊन काही वर्षे झाली होती. गोळ्यांनी भागेना तेव्हा पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. औषधाची बाटली नागपूरहून येई. घरात फ्रिज नव्हता. ओल्या रेतीत मडके रोवून त्यात बाटली ठेवत. काचेची सिरिंज उकळून आई स्वतःच भरे आणि स्वतःच टोचून घेई. डॉक्टरांच्या दोन गोष्टी घरात सगळ्यांना पाठ होत्या. सुई चुकवायची नाही आणि गोड द्यायचे नाही. सुईनंतर जेवलेच पाहिजे, हे त्यांनी सांगितले होते की नाही, ते आता कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. रोज सुईनंतर ताट वाढलेलेच असे.

त्या पौर्णिमेला तिने अष्टशील घेतले. अष्टशील घेणारा दुपारी बारानंतर अन्न घेत नाही. संध्याकाळी पांढरे लुगडे नेसून ती सुई भरत होती, तेव्हा आत्या दारात उभी होती.

"काऊन वो वहिनी, उपास बी अन् सुई बी? भन्तेजीपेक्षा कडक झाल्या तुमी तं."

"सुई काही अन्न होय का?" आई हसली. "डॉक्टरनं सांगतलं, चुकवाची नाही. म्या नाही चुकवत."

विहारात वंदना चालू असताना तिला घाम फुटला. वैशाखात घाम कुणाला येत नाही, म्हणून कुणी पाहिले नाही. मग ती शेजारच्या बाईवर उगाच चिडली. तिचे हात थरथरत होते. वंदना संपण्याआधीच ती भिंतीला कलंडली; डोळे मात्र अजून अर्धे उघडे होते.

अंगणात खीरदानासाठी खिरीने भरलेला मोठा गंज होता आणि लोक रांगेत उभे होते. त्यातलीच एक म्हातारी वाटी घेऊन आत आली.

"दिवसभराची उपाशी हाय. दोन घोट पाजा नं बाई."

आत्याने वाटीवर हात ठेवला. "अवो, शुगर हाय तिले! गोड म्हंजे जहर हाय. मारता काय?"

म्हातारी ओशाळली आणि वाटी परत घेऊन गेली. कुणी हरकत घेतली नाही. मीही तेच ऐकत आलो होतो. कुणीतरी साखर उतरावी म्हणून कडुनिंबाचा रस आणला; तोवर तिची शुद्ध गेली होती, तो तिच्या ओठांवरून ओघळला. वडील त्या आठवड्यात छिंदवाड्याला होते. मी जीप शोधायला धावलो. मिळाली, पण ड्रायव्हर खिरीच्या रांगेत होता.

सौंसरच्या दवाखान्यापर्यंत मी तिचे डोके मांडीवर धरून बसलो होतो. हाक मारण्यापलीकडे करण्यासारखे काही माहीत नव्हते. ती ओ देत नव्हती.

तिथल्या डॉक्टरांनी तिचा घामेजलेला हात धरला आणि विचारले, "सुई घेतल्यावर काय खाल्लं?"

"काहीच नाही," आत्या म्हणाली. "खिरीचा थेंब बी तोंडाले लावू नाही देला आमी."

डॉक्टरांनी लगेच सलाईनची बाटली टांगली. त्यांनी शिरेतून ग्लुकोज द्यायला सुरुवात केली. देता देताच ते म्हणाले की इन्सुलिन रक्तातली साखर शरीराच्या पेशींत पोचवते. निरोगी शरीर ते गरजेपुरते सोडते; सुईतले मात्र पोट भरले आहे की रिकामे, हे पाहत नाही. जेवण नसेल तर रक्तातली साखर संपत जाते, आणि मेंदूचे तिच्यावाचून चालत नाही. अशा वेळी शुद्ध असेपर्यंत साखरच द्यायची असते.

"म्हंजे खीर?" आत्याने विचारले.

"हो. खीर चालली असती."

आत्या बाकावर बसली.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. जीभ जड झाली होती.

"सुई तं नाही चुकली नं माही?" तिने विचारले.

आम्ही नाही म्हणालो. तिला घरी आणले तेव्हा ती माणसे ओळखत होती. सिरिंजवरचे आकडे तिला पुन्हा कधी वाचता आले नाहीत. पुढे तिची सुई आत्या भरत असे.