डबे घेऊनच या

आखातातल्या एका छोट्या बेटावर, बुसैतीनच्या आमच्या इमारतीत महागाईवर एकच औषध होतं, तळमजल्यावरचे एडवर्ड अंकल. मूळचे वसईचे, पलीकडच्या हूऱ्यातल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर. वय साठीला टेकलेलं, कंबर कायमची धरलेली. महिन्यातून दोन शनिवार ते समुद्रावरचा लांब पूल, कॉजवे, ओलांडून सौदीत खोबरला जायचे, कारण तेल, साबण, डायपर तिकडे स्वस्त. जाण्याआधी सगळ्या बिऱ्हाडांच्या याद्या गोळा करायचे. कुणी यादीत ‘जमलं तर’ लिहिलं की सरळ खोडायचे.

“जमलं तर म्हणजे नको. हवं असेल तर हवं लिहा ना!”

मी चिंचवडहून नवीच आलेली. दुसऱ्याच्या हाती यादी देणं म्हणजे हात पसरणं, असं माझं डोकं. पण मानाने पोट भरत नाही, लेकराचं तर नाहीच. सात महिन्यांच्या निधीला गाईचं दूध सोसायचं नाही. तिच्या खास पावडरचा डबा इथे खोबरच्या जवळजवळ दुप्पट, आणि माझ्या नवऱ्याच्या, जयप्रकाशच्या कंपनीने तीन महिने पगार दिला नव्हता. मी बाटलीत सहाऐवजी चारच चमचे घालायला लागले होते. त्यालाही बोलले नव्हते. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आधी वजनकाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वजन घटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्या शनिवारी मी गुपचूप यादी दिली. त्यात एकच ओळ होती: पावडरचे चार डबे, हवेत.

दुपारी अंकलचा फोन आला. मागे गाड्यांचा गोंगाट, आवाज तुटक. “स्मिता, मफी! अगं, मफी!”

मला वाटलं, उशीर होतोय म्हणून बिचारे माफी मागतायत.

“माफी कसली, अंकल!” मी ओरडूनच म्हटलं. “कितीही वाजू द्या, डबे घेऊनच या.”

अंकल “बरं” म्हणाले आणि फोन कट झाला.

संध्याकाळ झाली तरी गाडीचा पत्ता नाही. रीटा आंटी, त्यांच्या मिसेस, विचारायला वर आल्या. मी फोनवरचं बोलणं सांगितलं, तसा त्यांनी कपाळावर हात मारला. “पोरी, माफी नाही, मफी! अरबीत मफी म्हणजे नाही. डबे संपले होते दुकानात.”

आजारी कंबरेच्या माणसाला मी परक्या मुलखात हुकूम सोडला होता. फोन लावला तर लागेना.

सातच्या सुमारास अंकल जिना चढून आले, कठड्याला धरून, एकेक पायरी. हातात पिशवी, पिशवीत चार डबे. खोबरला मिळाले नाहीत म्हणून दम्माम, तिथेही नाहीत म्हणून कतीफ. बाकीच्या याद्या खिशात तशाच राहिल्या होत्या, रीटा आंटींचीसुद्धा.

मी रडत सगळं सांगून टाकलं, माफीचं आणि चार चमच्यांचंही. जयप्रकाश दारात उभा राहून ऐकत होता.

अंकल आधी पोट धरून हसले. मग कंबर धरून. “मी तर मागे फिरलो होतो गं. कॉजवेच्या रांगेत लागणार, तेवढ्यात तुला फोन केला. तू अशी खेकसलीस की म्हटलं, ही बाई रिकाम्या हाताने आत घ्यायची नाही!”

या माणसाचे उपकार मी कशाने फेडणार? फेडायचे नाहीतच मला, ते असेच अंगावर राहू देत.

आंटींनी डबा फोडला. “किती चमचे?”

“सहा,” जयप्रकाश म्हणाला आणि बाटली त्याने स्वतः धरली.

निधीने ती रिकामी केली, ओठ चुटुचुटु हलवले आणि आणखी मागितलं. आणखी होतं.