उघड्या झाकणाचा बर्गर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, हॅम्बर्गरच्या मांसात आलं-लसूण घालणाऱ्याला क्षमा नाही. ग्रिलवरचा बर्गर उलथन्याने दाबणाऱ्याचं तर म्हणणंसुद्धा ऐकून घेतलं जाणार नाही. हा कायदा माझा नव्हे. वेस्ट विंडसरमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या काकूंचा. उन्हाची टोपी घालून, चिमटा उगारून त्या तो जाहीर करत.

त्यांच्या कोळशाच्या ग्रिलला झाकण होतं, पण ते ग्रिलवर कुणी कधी पाहिलं नाही. ते उलटं ठेवून काकू त्यात पाव रचत. कुणी झाकायला गेलंच, तर कडाडत, "झाकण कशाला? चोरी करतोय का आपण?"

पुण्याहून नुकताच आलेला एक इंजिनिअर एकदा मदतीला सरसावला. "काकू, थोडा गरम मसाला, एखादं अंडं... बाइंडिंगला?"

"त्याला कबाब म्हणतात, बाळा. तो मी दिवाळीत करते. आज बाजूला हो."

काकूंचा बर्गर म्हणजे जाडसर दळलेलं गोमांस, त्यात पाचातला एक वाटा चरबी. गोळा जेमतेम जमला की हात काढायचा. भाकरीच्या पिठासारखं मळत बसायचं नाही. मधोमध अंगठ्याने खळगा, म्हणजे फुगून चेंडू होत नाही. मीठ वरून, तेही जाळीवर टाकताना. उलटायचा एकदाच. पाव त्याच चरबीत शेकायचा. आणि पहिला घास नुसता. "आधी नवरी बघ, दागिने मग." दागिने म्हणजे चीज, कच्चा कांदा, टोमॅटोची एक चकती. केचप मागायला गेलेला माणूस त्यांची नजर पाहून पाणी मागून परत येई. ठेचा मात्र चालायचा. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत काकूंचं ग्रिल वर्षानुवर्षं लागायचं. मग नवी कमिटी आली. अध्यक्ष शुद्ध शाकाहारी, माणूस सज्जन, आवाज मऊ. ते काकूंच्या अंगणात आले, तेव्हा मी कुंपणाअलीकडे टोमॅटोला पाणी घालत होतो.

"काकू, या वर्षी चिकन करा ना. बीफ म्हणजे जरा सेन्सिटिव्ह इश्यू आहे. नाहीतर घरून करून आणा, फॉइलमध्ये झाकून. कुणाला कळणारसुद्धा नाही."

झाकून! माझा पाइप एकाच रोपावर वाहत राहिला.

काकू ओरडल्या नाहीत. "लहानपणी आमच्याकडे हे खिडक्या लावून शिजायचं," त्या म्हणाल्या. "वास गल्लीत गेला, की दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. वास मारायला आई मिरच्या जाळायची. खोकत खोकत जेवायचो आम्ही. एवढा समुद्र ओलांडून आले, ती पुन्हा झाकायला नाही. तुम्ही खाऊ नका. तुमच्या ताटात मी कधी हात घातलाय?"

"तसं नाही काकू, पण कमिटीचं डिसिजन..."

"कमिटीला माझा नमस्कार सांगा."

सहलीच्या दिवशी पार्कमधली शेड मंडळाची होती. काकूंनी समोरच्या पायवाटेपलीकडे ग्रिल मांडलं आणि चिमटा उंचावून हाक दिली, "शेड तुम्ही बुक केलीत हो, वारा नाही!"

मग त्यांनी जाळी लखलखीत घासली आणि तिच्यावर पहिलं काय टाकलं असेल? मक्याचं कणीस. लिंबू-मीठ चोळून माझ्या हातात दिलं. "अध्यक्षांना नेऊन दे. सांग, मांसाच्या आधी भाजलंय." अध्यक्षांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांनी ते खाल्लं. दाणान् दाणा.

पहिला बर्गर जाळीवर चरचरला आणि मुलं पायवाट ओलांडून पळाली. "काकू, वन मोअर, प्लीज!" त्यांना बोलवायला आया गेल्या. आयांना बोलवायला बाप गेले. सगळे तोंड पुसत परतले. मंडळी, मला मुलंबाळं नाहीत. तरी मुलांना बोलवायला मी दोनदा जाऊन आलो.

पुढे दर उन्हाळ्यात हेच. शेड इकडे, काकू तिकडे, मध्ये पायवाट. कमिटीने ठराव मागे घेतला नाही, काकूंनी झाकण लावलं नाही, आणि पहिलं कणीस अध्यक्षांचं हे कधी चुकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांच्या मुलीने ग्रिल माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. "तुम्हीच लावा, काका," एवढंच म्हणाली.

या उन्हाळ्यात मी ते पायवाटेपलीकडे लावलं. जाळी घासली, पहिलं कणीस अध्यक्षांना पोचवलं, मग बर्गर टाकले. टोपी नव्हती, आवाजही नव्हता. तेवढ्यात वारा फिरला. धूर सरळ शेडमध्ये घुसला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी, एरवी एवढा नाटकी माणूस, पार गडबडलो. पाव बाजूला काढून झाकण उचललं आणि ग्रिलवर ठेवलं.

अर्धं खाल्लेलं कणीस हातात घेऊन अध्यक्ष ताडकन उठले. त्या माणसाचा एवढा मोठा आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता.

"अहो, झाकण कशाला? चोरी करतोय का आपण?"