गोधडीसारखं चित्र

आदिलाबादच्या फ्रेमच्या दुकानात मी हॉलसाठी एक छापील चित्र पसंत केलं होतं. नुसते रंगीत त्रिकोण आणि चौकोन. दुकानदार ते बांधणार, इतक्यात देवाची तसबीर घ्यायला आलेली एक म्हातारी पुढे झाली. टाके चाचपावेत तसं ती त्रिकोणांच्या कडेकडेनं काचेवर बोट फिरवत राहिली.

"माह्या मायची गोधडी अशीच होती," ती म्हणाली. "माय गेली तवा लोकायनं तिच्यासंगंच जाळून टाकली. ठेवा म्हनली असती तर ठेवली असती त्यायनं. मी बोललीच नाई."

"मावशी, हे चित्र तुम्हीच न्या," मी म्हणालो.

"नाई बाप्पा. यात मायचे लुगडे कुठं हायेत?"

मग तिनं पदरानं काच पुसली. राहू द्या, असं मी म्हणेपर्यंत तिच्या बोटांचा एकही ठसा उरला नव्हता.