सरसाचा सांधा

दत्ताराम मेस्त्रींना घरी बोलावलं की माझं डोकं फिरायचं. रियाधमध्ये, अल सुलैतल्या एका यार्डात ते बारा वर्षं मालाची लाकडी खोकी ठोकत होते. त्याआधी कुडाळला भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचे. कुठलंही काम सांगा, आधी नाही म्हणणार, मग आपण कसे चुकलो ते ऐकवणार आणि मगच हात घालणार.

२००६च्या हिवाळ्यात कोरड्या हवेनं आमच्या स्मृतीच्या चेलोच्या, म्हणजे तिच्या त्या थोरल्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या, पाठीचा सांधा उकलला. पोरगी सतरा वर्षांची. लंडनच्या संगीतशाळेत प्रवेश हवा, तर अठराव्या शतकातला एक चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीनं वाजवायची रचना, वाजवून पाठवायचा होता. ऑर्केस्ट्रा सीडीवरचा, चेलो हिचा. सगळं सलग, काटछाट चालणार नव्हती. शनिवारी सकाळी कुरिअर जाणार, आणि गुरुवारी हे! माझ्या नवऱ्यानं, गुरुनाथनं, फेव्हिकॉलची बाटली काढली. मी मेस्त्रींना फोन केला.

"फेविकॉल? वाद्याक?" मेस्त्री दारातच कडाडले. "सरस लावतत. लाकूड सुकलां तर सांधो सुटतलो, पण फळी फुटाची नाय."

गावाहून आणलेला सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातड्याच्या गोंदाचा, खडा त्यांनी माझ्या दुधाच्या पातेल्यात शिजवला. घरभर वास! क्लॅम्प आवळून म्हणाले, "दोन दिस कोणी हात लावचो नाय."

दोन दिवस कुठून आणू? शुक्रवारी दुपारीच मी क्लॅम्प काढले. स्मृती सीडी लावून बसते न बसते, तोच मेस्त्री सुट्टी म्हणून काम बघायला हजर. काढलेले क्लॅम्प बघून त्यांनी तोंड उघडलं.

"एक शब्द नको," मी म्हटलं आणि त्यांना सोफ्यावर बसवलं. रेकॉर्डिंग सुरू झालं.

या कॉन्चेर्टोत पहिली दीड-दोन मिनिटं नुसता ऑर्केस्ट्रा वाजतो आणि चेलोवाल्यानं गप्प बसायचं असतं. हे मेस्त्रींना कोण सांगणार? त्यांची चुळबुळ वाढत गेली. शेवटी न राहवून ते बोललेच, "सांधो सुटलो काय गो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्मृती मात्र थांबली नाही. आपल्या जागी बरोबर उचललं आणि असं वाजवलं, की तसं तिनं कधीच वाजवलं नव्हतं. शेवटचा सूर संपला आणि चेलोच्या पाठीत कट्ट झालं. सांधा सुटला होता. फळी शाबूत होती.

दुसऱ्यांदा वाजवणं शक्यच नव्हतं. मेस्त्रींच्या आवाजासकट तेच रेकॉर्डिंग सीडीवर घालून पाठवलं. तीन महिने मी त्यांच्यावर चरफडत होते आणि त्याहून जास्त स्वतःवर.

प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा ओशाळून मी त्यांना फोन केला.

"बरा झाला," मेस्त्री म्हणाले. "वैनी, ती सीडी माका एक द्या. गावाक माझी बायल सरू म्हणता, फोनवर तुमी नुसते खेकसतात. तेका ऐकवतंय. मी कोणाक काळजीन पण विचारतंय."